गावंडे सरांचा खर्रा

गावंडे सरांनी जन्मात कधी खर्रा खाल्ला नाही. हे वाक्य आधी लिहून टाकतो, कारण आमच्या गावात आज कुणालाही विचारा, तो सांगेल, "सर खर्र्यानंच गेले. चोरून खात होते." खरं तर सर गेले ते झोपेत, हृदयविकारानं, मानेतली गाठ बरी होऊन बराच काळ लोटल्यावर. पण गावानं एकदा निकाल दिला की त्यावर अपील नसतं. त्यातून हा निकाल सरांनी स्वतः, भरल्या अंगणात, आपल्याच तोंडानं मागून घेतलेला होता.

सुमनवहिनी, म्हणजे सरांची बायको, आता यवतमाळला बहिणीकडे राहतात. परवा भेटायला गेलो तर म्हणाल्या, "लिहा आता, भाऊजी. मले कोन काय म्हनन याचं भेव नाही राह्यलं." म्हणून लिहितो आहे. नावं तेवढी बदलली आहेत.

विदर्भाबाहेरच्या वाचकाला खर्रा म्हणजे काय ते सांगायला हवं. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना ठेल्यावर प्लास्टिकच्या कागदात घालून घोटघोट घोटतात, मग त्या पन्नीला गाठ मारून खिशात टाकायची आणि दिवसभर चिमूट चिमूट काढून गालात धरायची. आमच्याकडे पाहुण्याला पाणी विचारायला विसरतील, पण खर्रा विचारायला विसरणार नाहीत. सोयरिकीची बोलणी, शेताची बटई, भावाभावांचा समेट, सगळं एका पन्नीभोवती होतं. अशा मुलखात सर खर्र्याचे हाडवैरी होते.

फुलसावंगीहून आत गेलं की एक गाव लागतं, तिथली आमची शाळा, आणि सर तिथले हेडमास्तर. सकाळची प्रार्थना संपली की सर ओट्यावर उभे राहून एकच शब्द म्हणत, "खिसे!" की सगळी पोरं खिसे उलटे करून उभी. मी तिथं नवीन रुजू झालो तेव्हा मला वाटलं, हे पोरांपुरतं आहे. तसाच उभा राहिलो. सर संथपणे माझ्यापुढे आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या खिशाले काय कुलूप लावलं हाय?" माझ्या खिशातून रुमाल आणि बडीशेपेची पुडी निघाली. त्या बडीशेपेचाही त्यांनी वास घेऊन पाहिला.

सापडलेली पन्नी फेकायची नाही, असा त्यांचा कायदा होता. शाळेच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या खालच्या फांदीला ती दोऱ्यानं टांगायची, ज्याची त्यानं आपल्या हातानं. पालक सभेला येत तेव्हा मान वर करून आपल्या दिवट्याची पन्नी कोणती असेल याचा अंदाज घेत बसत. एकदा एका बापाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं तिथल्या तिथं आपल्या खिशातलीही काढून पोराच्या शेजारी टांगली. सरांनी लगेच पोराला दुकानावर पिटाळून नारळ मागवला आणि त्या बापाचा सत्कार केला.

दुसरं वेड मुळाचं. काही झालं की, "मुळाशी जा" हे त्यांचं पालुपद. वर्गातली काच फुटली तर ती कुणी फोडली एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. चेंडू शाळेत कसा आला, तो आणणाऱ्याला कुणी सांगितलं, इथपर्यंत चौकशी जायची आणि शेवटी निम्मा वर्ग थोडा थोडा दोषी निघायचा. एकदा मी फळ्यावर म्हण लिहिली, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये. सर दारातून चालले होते, ते थबकले. "कोन म्हन्ते शोधू नये? चाला रे!" आणि अख्खा वर्ग घेऊन शाळेमागच्या नाल्याचं मूळ शोधायला निघाले. मलाही जावंच लागलं.

कपाशीच्या धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, पळसांच्या मधून, तांड्याच्या वरच्या अंगानं आम्ही चढत गेलो. तांड्यावरच्या एका म्हातारीनं पोरांना पाणी पाजलं आणि विचारलं, "काय हरपलं, गुरुजी?" सर म्हणाले, "नाल्याचं मूळ." म्हातारी बिचारी आपल्या परीनं इकडेतिकडे पाहू लागली. वर नाला बारीक होत होत दिसेनासाच झाला. एका खडकाखाली नुसती काळी माती. पोरं हिरमुसली. "सर, अथी तं कायीच नाही." सरांनी एकेकाचा हात धरून त्या मातीत खुपसला. "ओल लागते का? मंग हेच. मूळ काय कमान लावून बसते का, मी हाय म्हनून?" परतताना ते इतके खुशीत होते की मला वाटलं, हे मूळ त्यांना स्वतःलाही त्या दिवशीच सापडलं असावं.

सरांचं लग्न बरंच उशिरा झालं. सुमनवहिनींचा पहिला नवरा शेतातल्या पाण्याच्या मोटारीचा शॉक लागून गेला होता. आमच्याकडे अशा बाईचं दुसरं लग्न म्हणजे पाट. तो दिवस मावळल्यावर लागतो. वाजा नाही, गाजा नाही, आणि बाईला मागच्या दारानं घरात घेतात. सरांनी भर दुपारी मांडव घातला, बँड आणला आणि वरातीपुढे स्वतः नाचले. नाच येत नव्हता, पण कमतरता जोरानं भरून काढली. गाव जेवलं, बँडची तारीफ केली, आणि दुसऱ्या दिवसापासून वहिनींना "पाटाची" म्हणू लागलं. ओटी भरायला, हळदीला त्यांना बोलावणं येत नसे. पायगुण, दुसरं काय. वहिनी कुणाला उलट बोलत नसत. फक्त कधीमधी भाकरी थापता थापता म्हणत, "मीच त्यायले म्हटलं होतं, मोटर चालू करून या." पहिल्या नवऱ्याचं मरण त्यांनी स्वतःच्या माथ्यावर घेऊन ठेवलं होतं, आणि सरांनी इतक्या वर्षांत लाख समजावूनही ते उतरलं नव्हतं.

मग ती गाठ आली. दाढी करताना सरांच्या बोटाला लागली, जबड्याखाली, मानेच्या डाव्या अंगाला. दुखत नव्हती, म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. पुसदच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गाठ हलली नाही. यवतमाळला सुई टाकून तपासली तेव्हा कॅन्सर निघाला. पण तिथले डॉक्टर म्हणाले, ही गाठ मानेची नाही. कुठून तरी इथं आलेली आहे. कुठून, ते शोधायला नागपूरला जा. सरांना मूलबाळ नव्हतं, सोबत मी गेलो.

नागपूरला सरांचं आवडतं काम त्यांच्यावरच सुरू झालं. नाकातून दुर्बीण घातली, घसा पाहिला, जीभ ओढून पाहिली, मोठ्या मशीनमधून अंग काढलं, भूल देऊन टॉन्सिल काढून तपासले. मूळ सापडेना. सरांना आधी त्यात गंमतही वाटत होती. "मास्तर, नाल्यासारखंच हाय. वरवर जाऊन राह्यले बिचारे."

शेवटी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. तरुण होते, सावकाश बोलायचे. म्हणाले, मूळ दिसत नाही. जिभेच्या मागे कुठे तरी असेल, दिसणार नाही इतकं बारीक. पण गाठीत एक विषाणू सापडला आहे आणि हा कॅन्सर त्याच्यामुळे झाला आहे, तंबाखूमुळे नाही. ही एका अर्थी चांगली बातमी आहे, असा कॅन्सर उपचारांना चांगला दबतो.

सरांनी सवयीनं विचारलं, "तो विषाणू कुठून आला?"

डॉक्टर म्हणाले, "नवराबायकोच्या संबंधातून येतो. जवळजवळ सगळ्यांनाच कधी ना कधी होतो आणि आपोआप निघून जातो. एखाद्याच्या अंगात मात्र वर्षानुवर्षं लपून राहतो. कधी आला, कुणाकडून आला, हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. तुम्हीही शोधू नका. आणि बाईंची एकदा तपासणी करून घ्या, सगळ्याच बायकांनी करावी अशी ती असते."

बाहेर आल्यावर सर व्हरांड्यातल्या बाकावर बसले. बरं होण्याची आशा मिळालेला माणूस तसा बसत नाही. म्हणाले, "मास्तर, हे अथीच पुरायचं."

मी म्हणालो, "अहो, पण डॉक्टर म्हणाले ना, कुणाचाच दोष नाही."

"डॉक्टरले आपल्या गावात राहायचं हाय का? मी बी काही धुतल्या तांदळाचा नाही. नांदेडले शिकत होतो तवाचा तो रोग माह्याच अंगात लपून असन. पन बोट माह्याकडं वळनार नाही. तिच्याकडंच वळन. पहिल्याले खाल्लं, आता दुसऱ्याले लावलं, असंच म्हनतीन."

"निदान वहिनींना तरी सांगा."

"तिले?" सर म्हणाले. "तिनं पहिल्याचं मरन उचललं, तिचा काय संबंध होता? हेबी उचलन. मंग मी बरा होऊन काय करू?"

गावी परतल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस तब्येत विचारून थांबत नाही. "कायच्यानं झालं?" हा त्याचा खरा प्रश्न असतो. दुसऱ्या कुणाला मानेत गाठ आली असती तर खर्र्याचं नाव घेऊन लोक घरी गेले असते. पण सर तर खर्र्याचे वैरी. त्यामुळे प्रश्न अंगणात लटकून राहायचा. कुणी करणी म्हणालं, कुणी फवारणीचं औषध. सर सगळं ऐकून घेत.

एके सकाळी त्यांची आत्या आली. खाटेशेजारी बसून तिनं सरांच्या मानेवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ना बिडी, ना काडी, ना खर्रा. आमच्या वंशात असं कोनाले झालं नाही. घरात काय आनलं, त्याचा इचार करा बाप्पा." वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

सर खाटेवरून उठून बसले. "आत्या, खात होतो मी खर्रा."



"चोरून खात होतो. पहिल्यापासून. हिलेबी माहीत नोहतं."

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी ट्रे खाली ठेवला, पदर सावरला आणि आत गेल्या. मला वाटलं, त्यांना धक्का बसला. सगळ्यांनाच तसं वाटलं. आत्या तेवढी समाधानानं म्हणाली, "असं सांग नं मंग."

खोटं एकट्यानं उभं राहत नाही, त्याला टेकू लागतात. दुपारीच स्टँडवरचा ठेलेवाला बबन लोकांना सांगू लागला, "माह्याकडून तं कधी नेला नाही, बाप्पा." मग सरांना, पुसदहून आणत होतो, असं सांगावं लागलं. तरीही दोघातिघांना शंका राहिली, तेव्हा सर उठले, स्टँडवर गेले आणि बबनकडून भर बाजारात एक खर्रा घोटून घेतला. ऊन असो, पाऊस असो, ज्या ठेल्याच्या सावलीत ते कधी उभे राहिले नव्हते, तिथं उभे राहून. ती पन्नी त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, दिसेल अशी. प्लास्टिकला चिकटलेला चुना कापडातून पांढरा दिसायचा.

मी वर्गात होतो तेव्हा कुणीतरी सांगत आलं की सर शाळेत आलेत. बाहेर येऊन पाहतो तर सर निंबाखाली स्टूल ठेवून पन्न्या कापत होते. सगळ्या कापल्या, पोत्यात भरल्या. प्रार्थनेनंतरचा "खिसे!" त्या दिवसापासून बंद झाला.

उपचारांना नागपूरला जायचं त्या दिवशी गाडी विलासची होती. विलास आमचाच जुना विद्यार्थी, सरांच्या नादानं खर्रा सोडलेला आणि ते गावभर अभिमानानं सांगणारा. वाटेत चहाला थांबलो तिथं तो टपरीमागून आला आणि सरांसमोर उभा राहून पन्नीची गाठ दातानं सोडू लागला. म्हणाला, "तुमच्या शब्दावर सोडला होता, सर. तुमीच खाता तं मी कायले उपाशी मरू?"

सरांचा हात वर आला. पन्नी हिसकायला असा झडप घालून येणारा तो हात शाळेतल्या पिढ्यांना ठाऊक होता. तो अर्ध्यावर थांबला आणि हळूच खाली गेला. विलासनं चिमूट गालात ठेवली. सर त्याच्या गालाकडे पाहत राहिले. खरं सांगायला तोंड उघडलं तर घरी वहिनी होत्या. गप्प राहिलं तर समोर हा पोरगा होता. त्या दिवशी मला सरांची फार कीव आली, आणि रागही आला, कुणाचा ते आजही नीट सांगता येणार नाही.

किरणांनी घसा भाजून निघाला, तोंडाची लाळ आटली, अंगावरचं मांस गेलं. पण डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. गाठ विरघळली. पुढच्या तपासण्यांत काही निघालं नाही. मूळ मात्र शेवटपर्यंत सापडलं नाही. सर पुन्हा अंगणात झेंडूला पाणी घालू लागले. आजार गेला, खर्रा राहिला. आता ती पन्नी टाकून द्या, खर्रा सोडला म्हणा, असं मी त्यांना बजावलं. ते नुसते मान हलवायचे. शर्ट बदलला की पन्नी नव्या शर्टाच्या खिशात जायची. एकदा मला बाजूला घेऊन चमत्कारिक चेहऱ्यानं म्हणाले, "मास्तर, माह्या पन्नीतला खर्रा कमी होऊन राह्यला."

"म्हणजे?"

"म्हन्जे कमी होऊन राह्यला." आणि विषय बदलला.

उलगडा वहिनींनी केला. सर बाहेर गेले होते तेव्हा मी सहज घरी गेलो होतो. वहिनी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, माह्या पहिल्या मालकाले मी माह्या हातानं खर्रा घोटून देत होती. खानारा मानूस मले अंगनातून वासानं समजते. यायच्या तोंडाले कधी तो वास आला नाही."

मी त्यांच्यापुढे खाली बसलो.

"त्या दिवशी अंगनात म्हनले, तवाच समजलं का हे खोटं हाय. मंग ते पन्नी खिशात ठिवू लागले. ठिवली तशीच. गाठ बी सोडली नाही. बुरशी आली तिच्यावर. खानाऱ्याच्या खिशात पन्नी अशी भरलेली राह्यते का, भाऊजी? आत्याबाई येतात, खिसे चाचपतात. म्हनून मग मीच रोज एक चिमूट काढते म्हटलं. चुलीत टाकते. सरली का ते दुसरी आनतात."

शेंगा सोलणारी बोटं थांबली. "मले पुसदले बायांच्या डॉक्टरीनकडं नेलं. कायले, ते त्यायनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिनं सारं साजरं हाय म्हनून सांगितलं. पन एक सांगा. तुमी होते तथी. त्यायचा आजार माह्याच्यानं काय?"

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. जे डॉक्टर बोलले ते सगळं मी सांगितलं. कुणाकडून आला ते कुणालाच कळत नाही, सरांच्याच अंगात आधीपासून असू शकतो, हेही सांगितलं. वहिनी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्यायनं पोरायले नाल्याचं मूळ दाखवलं होतं न? घरी येऊन मलेबी सांगितलं होतं. नुसती ओल होती म्हने."

"हो."

"मंग मी विचारलं हे त्यायले सांगू नका. त्यायनं माह्यासाठी एवढं मोठं खोटं उचललं. मी खरं बोलली तं ते वाया जाईन."

इकडे त्यांना कळू नये म्हणून सर गप्प, तिकडे सरांचं गप्प राहणं मोडू नये म्हणून वहिनी गप्प, आणि दोघांचं ठाऊक असलेला मी मध्ये. एकाला सोडवायचं तर दुसऱ्याचा गळा आवळायचा.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी. संध्याकाळी गेलो तर सर अंगणात झेंडूला पाणी घालत होते. मला खुणेनं आत बसायला सांगितलं. मी ओसरीवर बसलो. आत खुंटीवर त्यांचा शर्ट होता. वहिनी चुलीपासून उठल्या, खिशातून पन्नी काढली, गाठ सोडली, चिमूटभर खर्रा चुलीत टाकला. खमंग, उग्र वास आला. तो अंगणापर्यंत गेलाच असणार.

सर दाराकडे पाठ करून उभे होते. झारी केव्हाच रिकामी झाली होती, तरी ती त्यांनी तशीच तिरपी धरली होती. आत पन्नीला पुन्हा गाठ बसली, शर्ट खुंटीवर सरळ झाला, वहिनी चुलीशी जाऊन बसल्या. मग सरांनी झारी खाली ठेवली, मोठ्यानं खाकरले आणि दारातून विचारलं, "चहा झाला का वो?"

"झाला, या," वहिनी म्हणाल्या.